राजीनाम्याची तालीम

"साहेब, आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार!" काकू गरजल्या.

"बसा ना, काकू," साहेब म्हणाले.

हे साहेब म्हणजे काकूंचे यजमान. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून आणि टीव्हीचा रिमोट फोनसारखा कानाला लावून ते आठवडाभर इमानेइतबारे साहेब होत होते.

"बसायचं नाही! एकदा बसलं की मी विरघळते. आता तुम्ही 'बजेट नाही' म्हणा."

"बजेट नाही, काकू."

"नव्या पोरासाठी बरं होतं बजेट?"

दुखणं तिथंच होतं. हिशेब विभागात काकूंनी केस पांढरे केले होते. ज्या पोराला व्हाउचर कसं लावायचं हे त्यांनी हाताला धरून शिकवलं, त्याचाच पगार त्यांच्याहून जास्त निघाला. काकूंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली; पण घराचं कर्ज डोक्यावर, मूग गिळून गप्प बसल्या. मात्र तेव्हापासून त्यांनी पै-पै जोडली. आता कर्ज फिटलं होतं, व्याजावर दोघांचं भागेल इतकी ठेव साठली होती. नोकरीची गरज उरली नव्हती. उरलं होतं ते साहेबांना तोंडावर ऐकवणं. त्याशिवाय काकूंना घास गोड लागणार नव्हता.

सोमवारी त्या केबिनमध्ये शिरल्या. "साहेब, आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार!"

साहेबांनी मान डोलावली. त्यांचा एक गाल टम्म फुगला होता. सकाळीच अक्कलदाढ काढलेली, तोंडात कापसाचा बोळा, बोलायला डॉक्टरांची बंदी.

काकू गडबडल्या. भाषण पाठ होतं, पण यजमानांच्या वाक्यांसकट. मधली वाक्यं आल्याशिवाय पुढचं सुचेना.

"तुम्ही आता 'बसा' म्हणणार," त्या म्हणाल्या. साहेबांनी खुर्ची दाखवली. "मी बसणार नाही! मग तुम्ही म्हणणार, बजेट नाही. मग मी म्हणणार, नव्या पोरासाठी बरं होतं?" अशा दोन्ही बाजू एकटीनं लढत त्यांनी राजीनामा टेबलावर आपटला. बघतात तर साहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अहो, इतकं मनाला नका लावून घेऊ," काकूंचा आवाज उतरला.

साहेबांनी बोळा काढला. "दाढ ठणकतेय हो. पण तुमचं चुकलं नाही, चूक माझी आहे. वर भांडायला हवं होतं, भ्यालो. शेजारच्या केबिनमधला माझ्याच हाताखाली तयार झाला, त्याला माझ्यापेक्षा जास्त मिळतं. मी तिथंही गप्पच."

"मग सोडा नोकरी!"

"घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, सोफ्याचाही हप्ता. काकू, तुम्ही कसं जमवलंत?"

"सोफ्याचा हप्ता?" असं म्हणत काकू मटकन खाली बसल्या.

राजीनामा मंजूर झाला. पण काकू दर शनिवारी ऑफिसात जाऊ लागल्या. आधी साहेबांना बचत शिकवायला. मग तो नवा पोरगा येऊन बसला, मग अख्खा विभाग. घरी येताना त्यांचा चेहरा कसा उजळलेला असे.

"शिकवण्याचे देतात किती?" एका शनिवारी यजमानांनी विचारलं.

"विचारलंच नाही."

"छान! आधी निदान कमी तरी मिळत होतं."

यजमानांनी हळूच चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, रिमोट कानाला लावला.

"बसा ना, काकू."

काकूंनी पदर खोचला आणि उभ्याच राहिल्या.