वादळ्याचे दोन उजवे पाय

"वादळ्याला हात लावायची कुणाची छाती नाही!" मास्तरांनी भर बैठकीत ठणकावून सांगितलं आणि टेबलावर अशी मूठ आपटली की सगळ्यांच्या कपांतला चहा बशीत आला.

मास्तरांना तसं बोलायचा हक्कच होता म्हणा. मुलांच्या त्या साप्ताहिकात वादळ्याची चित्रकथा गेली तीस वर्षं तेच काढत होते. वादळ्या म्हणजे नऊ नंबरची जर्सी घालणारा फुटबॉलपटू. इतक्या वर्षांत त्याचं वय बाविशीच्या पुढे सरकलं नव्हतं, केसांचा कोंबडा विस्कटला नव्हता आणि शेवटच्या मिनिटाला गोल करायचा तो एकदाही विसरला नव्हता. साप्ताहिकाचे मालक बदलले, कागद बदलला, गोष्टी लिहिणारे बदलले. वादळ्या आपला धावतोच आहे. लोकांना त्याच्यात एवढं काय दिसतं, हे कोडं खुद्द मास्तरांनाही कधी सुटलं नव्हतं. पण ते सुटलेलं नाही, याचा पत्ता त्यांनी कुणाला लागू दिला नव्हता.

नेमकं हेच कोडं सोडवायचा ध्यास घेतला नव्या संपादकबाईंनी. वयाने मास्तरांच्या मुलीएवढ्या, पण एकदा प्रश्न विचारायला लागल्या की समोरच्याला शाळेतली तोंडी परीक्षा आठवायची! "आपण वादळ्याचा विशेष अंक काढतोय ना? मग तो लोकांना का आवडतो, हे आधी आपल्याला नको कळायला?" असं म्हणून त्यांनी जुने अंक टेबलावर पसरले आणि चष्मा लावून बघत बसल्या. मास्तर मिशीतल्या मिशीत हसत होते.

"मास्तर," बाईंनी मान वर केली, "याचे दोन्ही पाय उजवे का आहेत हो?"

मुद्रितशोधक, म्हणजे एकेका वेलांटीसाठी जन्मभर सगळ्यांना छळणारा गृहस्थ, धडपडत उठून अंकावर वाकला. "अरेच्चा! दोन्ही बुटांचा बाक एकाच बाजूला!" तो म्हणाला आणि स्वतःच्या चपलांकडे बघू लागला. मग सगळेच आपापल्या पायांकडे बघू लागले.

आता मास्तरांच्या कामाची एक पद्धत होती. अगदी पहिल्या अंकात वादळ्याचे धावते पाय असे काही झकास जमून गेले होते की मास्तरांनी ते पुठ्ठ्यावर उतरवून कापूनच ठेवले. तेव्हापासून चेहरा नवा, हात नवे, चेंडू नवा, प्रेक्षक नवे; पण गुडघ्याखाली दर आठवड्याला तोच पुठ्ठा! एकच चूक त्यांनी इतकी वर्षं इमानेइतबारे गिरवली होती.

मास्तर तरातरा घरी आले आणि पुठ्ठा काढून कात्री शोधू लागले. बायको कपड्यांना इस्त्री करत होती.

"पायांना हात लावू नका हो," ती म्हणाली.

"अगं, दोन्ही उजवे आहेत!"

"असू देत. इतकी वर्षं धावला ना तो?"

"धावला म्हणून काय झालं? असा माणूस असतो का कुठे?"

"त्याने कधी तक्रार केलीय?"

उत्तरादाखल मास्तरांनी पुठ्ठ्याचे बारीक बारीक तुकडे केले. पुन्हा मोह नको! मग स्वतःचे दोन्ही पाय स्टुलावर ठेवून त्यांनी नवा पुठ्ठा केला. एक उजवा, एक डावा. असा रेखीव डावा पाय की डॉक्टरी शिकणाऱ्या मुलांनी वर्गात लावावा! आपल्याच पायावर आपण धोंडा मारून घेतोय, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी नेहमीचा अंक नव्या पायांसह बाजारात आला आणि साप्ताहिकाच्या ऑफिसातला फोन जो खणाणू लागला, तो थांबायचं नाव घेईना.

"वादळ्याच्या डाव्या पायाला काय झालं?" पहिल्याने विचारलं.

"काही नाही, आता नीट झालाय तो," संपादकबाई खुशीत म्हणाल्या.

"म्हणजे दुखावला होता? आणि तुम्ही वाचकांपासून लपवलंत?"

दुपारपर्यंत गावभर झालं की वादळ्याचा पाय मोडला. संध्याकाळी झालं की हा वादळ्याच नव्हे, विरोधी संघाने घुसवलेला तोतया आहे. आणि रविवारी सकाळी कुणीतरी शहाण्याने शोध लावला की तोतया चित्रात नाही, चित्राबाहेर आहे. मास्तर वारले! खप पडू नये म्हणून साप्ताहिकाने ती बातमी दाबली आणि भलत्याच माणसाला मास्तरांच्या खुर्चीत बसवलं! अफवेला पाय फुटायला वेळ लागत नाही, आणि ते डावे की उजवे हेही कुणी बघत नाही.

मास्तरांच्या घराची बेल वाजली. दारात दोन अनोळखी माणसं उभी. फुलं घेतलेले एक दातांचे डॉक्टर आणि त्यांच्यामागे बसवरच्या कंडक्टरबाई. दोघं लहानपणापासूनचे वादळ्याभक्त.

"वहिनी, धीर धरा," डॉक्टर म्हणाले.

"कशाबद्दल?"

"मास्तर..."

"आंघोळ करताहेत. बसा ना."

डॉक्टर कंडक्टरबाईंच्या कानाशी लागले, "धक्क्याने होतं असं. आपण नुसतं हो म्हणायचं."

तेवढ्यात डोकं पुसत मास्तर बाहेर आले. कंडक्टरबाईंनी त्यांना, फुकट्या प्रवाशाला बघावं तसं, खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हे कोण?"

"कोण म्हणजे? मीच तो!"

"कशावरून?"

"कशावरून?" मास्तर तडकले. "थांबा, वादळ्याच काढून दाखवतो!" आणि ओल्या केसांनी बसून त्यांनी झरझर वादळ्या काढला. कोंबडा, जर्सी, चेंडू, पाय. एक उजवा, एक डावा.

दोघांनी चित्र उजेडात धरलं. एकमेकांकडे पाहिलं. "नवीन माणूस आहे," डॉक्टरांनी निकाल दिला. "हात बरा आहे. पण वादळ्याचा पाय याला जमत नाही."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, तो पाय चुकला होता! मी दुरुस्त केला!"

"इतकी वर्षं कुणी चुकतं का?" कंडक्टरबाई म्हणाल्या. "अहो, तेच तर त्याच्या किकचं गुपित! आमच्या डेपोच्या टीममधल्या पोरी दोन-दोन जोड घेतात आणि दोन्ही पायांत उजवेच बूट घालून खेळतात. घरोघर नुसता डाव्या बुटांचा ढीग झालाय!"

"मग जिंकता का?" राग विसरून मास्तरांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"एकदाही नाही. पाय सुजतात. पण म्हणून काय वादळ्याला सोडायचं?"

तेवढ्यात धापा टाकत संपादकबाईच आत शिरल्या. "मास्तर, विक्रेते गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवताहेत! मालक म्हणतात, विशेष अंकाच्या मुखपृष्ठावर जुने पाय आले तर ठीक, नाहीतर वादळ्या बंद. त्या पानावर शब्दकोडं टाकणार आहेत! आणि मुखपृष्ठ आज संध्याकाळी छापायला जायचंय."

शब्दकोडं! वादळ्या नाही, तर मग शनिवार कशाला, आणि आपण तरी कशाला? पण तोंडावर काही दिसू न देता ते म्हणाले, "त्यात काय! चुटकीसरशी काढतो!"

आणि बसले. जुन्या अंकातून गिरवून बघितलं, तर तिथे पाय अंगठ्याएवढा. मुखपृष्ठाएवढा मोठा केला की त्याचा भोपळा व्हायचा. मग मनाने काढला.

"हा उजवा आहे," डॉक्टर मान हलवत म्हणाले, "पण मुद्दाम उजवा काढलाय."

दुसरा काढला. "हा लाजतोय," कंडक्टरबाई म्हणाल्या.

तिसऱ्याकडे बघून संपादकबाईंनी चष्माच काढून ठेवला, आणि ते सगळ्यात वाईट होतं. बरोबर पाय कसा असतो हे एकदा कळल्यावर हात पूर्वीसारखा चुकायलाच तयार होईना. चुरगळलेल्या कागदांत मास्तर घोट्यापर्यंत बुडाले. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा!

शेवटी त्यांनी पेन्सिल ठेवली. आवाज एकदम खाली आला. "मला एक सांगा. खरंच सांगा. तुम्हाला त्याच्यात आवडतं तरी काय? मी जन्मभर त्याला काढतोय, पण मला अजून कळलेलं नाही."

डॉक्टर स्टुलावर टेकले. "लहानपणी मी तोतरा बोलायचो," ते म्हणाले. "वर्गात नुसता उभा राहिलो तरी पोरं फिदीफिदी हसायची. मग शनिवारी अंक यायचा. हा पठ्ठ्या दोन उजव्या पायांनी धावायचा. स्वच्छ दिसत होतं, सगळ्यांना दिसत होतं. पण त्याच्या टीममधलं कुणी, रेफ्री, अगदी समोरचा गोलकीपरसुद्धा, त्याला त्यावरून कधी एक शब्द बोलला नाही. सगळे त्याला पास द्यायचे. मला वाटायचं, आपल्यालाही कुणीतरी असाच पास द्यावा."

मास्तरांचे डोळे भरून आले. आणि ही एवढी मोठी गोष्ट आपण चित्रात कधी घातलीच नव्हती, या विचाराने ते मनातल्या मनात ओशाळलेही.

कोपऱ्यात कपड्यांना इस्त्री करत असलेल्या बायकोने इस्त्री बाजूला ठेवली. "उठा. पलंगावर आडवे व्हा."

"अगं, ही काय वेळ आहे झोपायची?"

"ते पाय तुम्ही काढलेले नाहीत," ती म्हणाली. "पहिल्या अंकाच्या वेळी तुम्ही तापाने फणफणला होतात. चित्र गुडघ्यापर्यंत झालेलं, आणि छापखान्याचा माणूस दारात ताटकळत उभा. त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? मी काढले मग."

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. "तू? आणि सांगितलं नाहीस?"

"ताप उतरल्यावर तुम्हीच चित्र बघून म्हणालात, वा, काय पाय काढलेत मी! इतके खुश झाला होतात. मग कशाला सांगू?"

"पण काकू, दोन्ही उजवे कसे?" संपादकबाईंना राहवेना.

"मला कुठे मनाने काढता येतं? समोर दिसलं ते काढलं. यांचा डावा पाय पांघरुणात होता. एकच बाहेर होता. तोच दोनदा काढला, आणि वर नाड्या घातल्या."

मास्तर मुकाट्याने भर दुपारी पलंगावर आडवे झाले. डावा पाय पांघरुणात, उजवा बाहेर.

"तोंडावरूनही घ्या," बायको म्हणाली. "तेव्हा तसंच होतं. शिवाय मध्ये मध्ये बोलणं बंद होईल."

मास्तरांनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. बायको पायथ्याशी बसून पेन्सिलीने सावकाश रेघ ओढू लागली. तिघंही श्वास रोखून, माना खाली घालून कागदाकडे बघत उभे राहिले. डॉक्टरांच्या हातात फुलं तशीच होती. टाचेपासून निघालेली रेघ अंगठ्याशी वळली आणि कंडक्टरबाई पुटपुटल्या, "हाच! हाच तो!" डॉक्टरांनी डोळे टिपले.

आणि नेमक्या त्याच क्षणी, मास्तर वारल्याची बातमी ऐकून मुलीच्या सासरहून मिळेल ती गाडी पकडून आलेल्या विहीणबाई उघड्या दारातून आत आल्या. त्यांनी डोक्यावरून ओढलेलं पांघरूण पाहिलं, बाहेर राहिलेला पाय पाहिला, खाली घातलेल्या माना पाहिल्या, फुलं पाहिली, आणि जो हंबरडा फोडला!

"व्याहीबुवा! असे कसे हो न सांगता गेलात!"

"मी इथेच आहे, विहीणबाई!" पांघरुणातून आवाज आला आणि उजवा पाय टुणकन उडाला. विहीणबाई किंचाळून डॉक्टरांच्या अंगावर कोसळल्या.

बायकोने मात्र कागदावरची पेन्सिल उचललीसुद्धा नाही.

"हलू नका हो!" ती करवादली. "अजून डावा पाय काढायचाय!"