माझ्या वसाहतीचा कोळसा आणि बाबांचं भरीत

"सर, युद्धात लाच चालते का?"

हा प्रश्न भर वर्गात विचारायचा, अशी माझ्या मैत्रिणींनी, ईशिता आणि ऊर्मीने, माझ्याशी पैज लावली होती. मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीलासुद्धा कुजबुजायचे! पण यंदा ताडकन उठले आणि असा आवाज लावला की पुढच्या अनिशच्या हातातलं पेनच पडलं.

हिस्टरीचे फ्रेझर सर हसले. "लाच नाही, गव्हर्नर. ट्रेड चालेल!"

झालं! इथे कॅनडात, आमच्या वर्गात पहिलं महायुद्ध चालू होतं. प्रत्येक टीम म्हणजे एक ब्रिटिश वसाहत, आणि मी एका गारठलेल्या बेटाची गव्हर्नर. सगळी जहाजं युद्धावर, कोळशाची बोंब. कोळसा खरा बरं का, बार्बेक्यूचा! सर दर आठवड्याला मोजकेच खडे वाटायचे. शेवटच्या शुक्रवारी ज्याचा साठा मोठा, तो गव्हर्नर सस्काटून शहरातल्या हिस्टरी फेअरला स्टेजवर भाषण करणार. ते स्टेज मला हवं होतं. म्हणजे हवंच होतं!

दुसऱ्या दिवशी आईच्या चकल्यांचा डबा नेला. एका चकलीला एक खडा! तास संपेपर्यंत सगळ्या वसाहतींचा हिवाळा माझ्या पिशवीत. शाळेत अनिश डल्ला मारेल म्हणून पिशवी घरी आणून गराजमध्ये ठेवली. गव्हर्नरच्या घरात कोण चोर शिरणार?

रविवारी ऊर्मीकडून परतले तर बॅकयार्डमध्ये धूर. बर्फात जॅकेटं घालून बाबांची भरीत पार्टी चाललेली! बाबा जळगावचे. एकवेळ देवावर शंका घेतील, पण निखाऱ्यावर न भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणणार नाहीत.

मी धावत निखाऱ्यांपाशी गेले. "बाबा, कोळसा कुठून आणलात?"

"अगं, थंडीत दुकानात मिळतोय कुठे! नशीब बघ, गराजमध्ये पिशवीच सापडली."

"बाबा! दॅट वॉज माय कॉलनी!"

"काय?"

"अख्ख्या बेटाचा हिवाळा तुम्ही वांग्यांखाली घातलात!"

शेजारच्या वीणाकाकू बोटं चाटत म्हणाल्या, "बेटाला सांग गं, भरीत फार फक्कड झालंय."

सोमवारी सरांनी नवे खडे वाटले आणि विचारलं, "गव्हर्नर अवंतिका, तुमचा जुना साठा?"

मी मान ताठ ठेवली. "सर, त्याचं अन्नात रूपांतर केलंय." आणि भरताचा डबा उघडला.

तो धुराचा वास! अनिश नाक पुढे काढून मांजरासारखा आला. "वॉट डू यू वॉन्ट फॉर दॅट?"

"तुझा सगळा कोळसा."

त्याने पुरीबरोबर एक घास खाल्ला आणि खडे ओतले! मागोमाग बाकीच्या वसाहतीही शरण आल्या. डबा दोन मिनिटांत चाटून साफ. ज्यांना मिळालं नाही ते ओरडले, "आमचे खडे परत दे!"

"शुक्रवारी अख्ख्या वर्गाला भरीत!" मी गरजले. "नाही आणलं, तर सगळा कोळसा परत!"

"सेम स्मोकी," अनिशने बजावलं. "प्रॉमिस?"

"प्रॉमिस!"

घरी सांगितलं तर बाबांची छाती फुगली. "करू की! वांगी आणतो. पण..." त्यांची नजर माझ्या पिशवीवर स्थिरावली. "कोळसा?"

मी पिशवी पोटाशी कवटाळली. कोळसा राखायचा तर भरीत हवं, आणि भरीत करायचं तर कोळसा जाळायला हवा! लाच सोपी पडली असती.

आई म्हणाली, "अव्हन आहे की."

"अव्हनमध्ये?" बाबा किंचाळले. "नीलिमा, त्यापेक्षा उपाशी राहू!"

मी खुर्चीवर चढले.

"आई, बाबा, गव्हर्नरचा निर्णय झालाय. वांगी अव्हनमध्येच भाजायची. वरून धुरी द्यायला एक खडा मिळेल. एकच! रेशन आहे. आणि ही बातमी जळगावला कळता कामा नये!"