म्हसोबाचा उजवा खांदा

नवऱ्यानं दुसरी बायको करावी की नाही, हे म्हसोबा आज सांगणार होता आणि तानुबाई त्याच म्हसोबाच्या नैवेद्याचं पुरण पाट्यावर वाटत होती. वाटत होती तेही मन लावून. राग माणसांचा होता; त्यापायी देवाचं पुरण भरड ठेवण्याइतकी ती कद्रू नव्हती.

लग्नाला एक तप उलटून गेलं तरी घरात पाळणा हलला नव्हता. त्याचं दुःख नवरा-बायकोला होतंच, पण दोघांनी ते आपसात वाटून घेतलं होतं. चुलते व्यंकटराव यांना मात्र ते बघवेना. परभणीच्या कचेरीत दोन-चार मुकदमे जिंकल्यापासून त्यांना कुठलीच गोष्ट अधांतरी राहिलेली खपत नसे. त्यांनी चारठाण्याची एक मुलगी हेरली आणि पुतण्याला फर्मान सोडलं.

पुतण्या बन्सीधर माणूस सोन्यासारखा, पण 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून कधी बाहेर पडत नसे. पेरणी कधी धरायची, बैल कोणता विकायचा, सगळं तो म्हसोबाला विचारून ठरवी. चुलत्यालाही त्यानं तेच सांगितलं, "काका, कौल लावू. देव म्हनंल तसं."

"अव्वल!" म्हणून व्यंकटराव खूश झाले. आत तानुबाईच्या हातातला तवा धाडकन खाली पडला. बाई, बारा वर्षं ज्याच्याबरोबर काढली, त्याला स्वतःचं एक मत असू नये?

म्हसोबा म्हणजे गावाबाहेरच्या माळावरचा शेंदूर फासलेला दगड. त्याच्या दोन्ही खांद्यांवर झेंडूची एकेक ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळ्या लावायचा मान रायभान धनगराच्या घराण्याचा. रायभान हा बन्सीधरचा लहानपणापासूनचा जिगरी दोस्त. दरसाल त्याच्या मेंढ्या खतासाठी पहिल्यांदा बसत त्या बन्सीधरच्याच वावरात. त्याची बायको मनकर्णा ही तानुबाईची जिवाभावाची. चौघांचं असं गूळपीठ होतं की एका घरी भाजीत मीठ जास्त पडलं तर दुसऱ्या घरी पाणी पीत.

आता उजवी म्हणजे कोणाची उजवी, यावर रायभानच्या घरात जुनं भांडण होतं. रायभान म्हणे देवाची. मनकर्णा म्हणे बघणाराची. रायभानच्या बापाला हा पेच कधीच पडला नव्हता. पाकळी पडली की म्हातारा नुसतं "झालं" म्हणे, आणि ज्याला जे हवं असेल ते तो मनाशी घेऊन घरी जाई. त्यामुळं म्हसोबाचा कौल फुकट गेला, अशी तक्रार गावात कोणी केली नव्हती.

आदल्या दिवशी विहिरीवर मनकर्णानं कानाशी लागून सांगितलं होतं, "आक्का, तू फकस्त हो म्हन. माझ्याकडं बाभळीचा डिंक हाय. उजव्या खांद्याला लावून ठिवते. पाकळी वाळून जाईल, पर पडायची न्हाई."

"न्हाई बाई," तानुबाई म्हणाली. "देवाला फसवून ठिवलेला नवरा मला नको. देवानं आन म्हनलं तर आनू दे सवत." एवढं ठणकावून सांगितलं आणि घागर घेऊन परतताना वाटभर रडली.

आइतवारी माळावर निम्मं गाव जमलं. बन्सीधर आला तो खाली मान घालून. एरवी त्याच्या मिशा विंचवाच्या नांगीसारख्या वर असत. परभणीच्या बाजारातून तो केवड्याच्या वासाचं मेण आणी आणि रोज आरशापुढं उभा राहून मिशांना लावी. आज मिशा दोन्हीकडून लोंबत होत्या.

"मिशा कामून पडल्यात रं?" व्यंकटराव म्हणाले. "नवरदेव हायेस तू!"

"वारं लागलं," बन्सीधर पुटपुटला. चिंतेनं माणूस पार खंगला, असं वाटून तानुबाईला त्याची दया आली, आणि लगेच दया आल्याचा राग आला.

रायभाननं पाकळ्या लावल्या. लोक श्वास रोखून बसले. थोड्या वेळानं त्यांनी श्वास सोडला, मग पानसुपारी सोडली, मग गप्पा सुरू केल्या. पाकळ्या जागच्या हलेनात. वारा सुटला तरी हलेनात. मनकर्णा एका खांद्याकडं समाधानानं बघत होती, तर रायभान दुसऱ्या खांद्याकडं तितक्याच समाधानानं. मग दोघांनी एकदमच आपापली नजर पलीकडच्या खांद्यावर नेली, आणि दोघांचेही चेहरे पडले.

"धूप घाला," व्यंकटराव म्हणाले. धूप घातला. सगळे खोकले, पाकळ्या तशाच.

"म्या जराशी फुंकर मारू का?"

"देवाला फुंकर? काका, भाकर हाय का ती?" रायभान म्हणाला.

ऊन कललं. पुरणपोळ्या गार झाल्या. तेवढ्यात रायभानची एक शेळी गर्दीतून घुसली आणि तिनं समोरून डावीकडच्या खांद्यावरची पाकळी तोंडात धरली. शेळीनं ओढ ओढ ओढली. अर्धी पाकळी तिच्या तोंडात गेली, अर्धी दगडावरच राहिली.

"पडली!" मनकर्णा ओरडली. "डावी पडली! नकार हाय!"

"पडली कुठं? खाल्ली!" रायभान तिच्यावर धावून गेला. "खाल्लेली धरत न्हाईत!"

"कामून धरत न्हाईत? तुमाला काय, दोस्ताच्या घरात सवत पायजेल व्हय?"

"आगं येडे, ती देवाची उजवी हाय! धरली तर होकार होतोय!"

हे बोलून गेल्यावर रायभाननं जीभ चावली. पण कचेरीत मुरलेल्या माणसाचे कान ते. व्यंकटराव उठून उभे राहिले. "देवाची उजवी? अव्वल! मंडळी, पुजारी सोता बोलला. फैसला झाला. येत्या बस्तरवारी चारठाण्याला जायचं."

तानुबाईच्या पायाखालची जमीन सरकली. तिनं नैवेद्याचं ताट तेवढं घट्ट धरलं. ज्या देवाला तिनं फसवू दिलं नाही, त्यानं शेळीच्या तोंडून असा निकाल द्यावा?

"न्हाई," असा आवाज आला.

कोण बोललं ते पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. बन्सीधरलासुद्धा कळलं नसावं, कारण त्यानंही मागं वळून पाहिलं. मग तो पुन्हा म्हणाला, "न्हाई काका. मला दुसरी करायची न्हाई."

"आरं, पर देवाचा कौल..."

"देव सकाळधरनं गप हाय. त्यो बोलंना, म्हंजी मलाच बोलावं लागतंय. ही हाय तेवढी बास. लेकरू हुयाचं आसंल तर हिला हुईल, न्हाईतर आमी दोघं हावत की." शब्द सरळ आले. व्यंकटरावांना त्यावर अपील सुचेना. ते धोतर झटकत निघून गेले, जाताना दोन पुरणपोळ्या मात्र घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मैत्रिणी ऊन पाणी घेऊन म्हसोबाला आंघोळ घालायला गेल्या. मनकर्णानं खाली बघत कबूल केलं, "तू नको म्हनलीस, तरीबी लावला डिंक. आन माझ्या धन्यानंबी लावला, देवाच्या उजव्या खांद्याला. मला सांगितलंबी न्हाई मेल्यानं!"

तानुबाई इतकी हसली की तांब्या हातातून सुटला. मग ती खांदा घासायला लागली. डिंक सुटला. त्याच्याखाली बोटाला काहीतरी मऊ, चिकट लागलं. तिनं बोट नाकाशी नेलं. केवडा. तिनं दुसरा खांदा खरवडला. तिथंही केवडाच.

"काय गं आक्का?"

"काई न्हाई," तानुबाई म्हणाली आणि तो थर तिनं हळूच, कुणाला न दाखवता, पदरानं पुसून घेतला.

घरी बन्सीधर आरशापुढं उभा राहून मेणाची रिकामी डबी बोटानं कोरत होता.

"दोनी खांद्याला लावल्यावर उरंल कुठून?" तानुबाई म्हणाली.

बन्सीधर दगडाच्या म्हसोबासारखा उभा राहिला. मग म्हणाला, "उजवा कोनाचा धरत्यात ते कळंना. म्हनलं, देवाला बोलूच देऊ नये."

"मग दिवसभर गप कामून बसलात? माझा जीव जायलाता तिथं!"

"धीर गोळा करायलोतो," तो म्हणाला. "लय येळ लागला गं."

तानुबाईचे डोळे भरून आले. ती आत गेली, बोटावर जरासं तूप घेऊन आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. "इकडं करा मिशी. पयली कोनची लावू, उजवी का डावी?"

काल गावासमोर चुलत्याला उलटून बोललेला बन्सीधर जरा घुटमळला. मग म्हणाला, "तू म्हनशील ती."