साळूबाई आणि तीन जंगलांचा अफवा निवारण संघ

एका जंगलात (आपल्या नव्हे हं बाळांनो, आपल्याकडे असलं काही होत नाही) साळूबाई नावाची एक सायाळ राहायची.

त्या जंगलात लोकशाही होती. म्हणजे वाघ होता, पण मतदानाच्या दिवशी तो झोपायचा.

जंगलात पाणवठा एकच. त्याचा मुखिया मतं देऊन निवडत. यंदा साळूबाई उभ्या होत्या. "पाणी स्वच्छ राहील आणि पाडसं आधी पितील," एवढंच त्या सांगत. त्यांच्यासमोर रानडुक्कर दंताजीराव उभे होते. त्यांना पाणवठ्यात लोळायचं होतं. अर्थात ते लोळणं म्हणत नसत, विकास म्हणत. साळूबाईच निवडून येणार, हे दंताजीरावांच्या बायकोलाही ठाऊक होतं.

मग एके सकाळी दंताजीरावांनी दोन उंदरांना गाठलं.

"कळलं का? साळूबाई गेल्या."

"कुठं?"

"वर."

उंदीर हळहळले आणि पुन्हा शेंगा सोलू लागले. अफवा तिथंच मेली असती. पण ती साळूबाईंच्या कानावर आली आणि त्यांचे सगळे काटे उभे राहिले.

शेजारच्या दोन जंगलांना सोबत घेऊन नुकताच एक अफवा निवारण संघ निघाला होता. झालं होतं असं, की कोळ्यांनी तिन्ही जंगलांत मिळून एक मोठं जाळं विणलं होतं. एक धागा हलवला की बातमी सगळीकडे पोचायची. त्या जाळ्यात कुणी खोटंनाटं सोडू नये, म्हणून हा संघ. सचिव होते धनेशपंत. पक्षी मोठा, चोच त्याहून मोठी. संघाच्या बऱ्याच बैठका झाल्या होत्या आणि दर बैठकीत उंबरं संपली होती. याखेरीज काही झालं नव्हतं.

"पंत," साळूबाई म्हणाल्या, "त्या दोन उंदरांना तेवढं सांगा हो, मी जिवंत आहे म्हणून."

धनेशपंतांचे डोळे लकाकले. संघाला पहिलंच गिऱ्हाईक आलं होतं. "दोन उंदरांना? बाई, हा तिन्ही जंगलांच्या लोकशाहीचा प्रश्न आहे!"

"अहो, पण ठाऊक दोघांनाच आहे."

"ते आत्ता. आम्ही आहोत ना."

आणि खरंच, दुपारच्या आत तिन्ही जंगलांतले सगळे धागे थरथरले: 'साळूबाई मेल्या ही अफवा आहे. कुणीही विश्वास ठेवू नये.'

साळूबाई मेल्या, हे तिन्ही जंगलांना असं कळलं.

"संघ एवढा ओरडून नाही म्हणतोय, म्हणजे काहीतरी झालंच असणार," पहिल्या जंगलातले म्हणाले. "आगीशिवाय धूर निघतो का?" दुसऱ्या जंगलाने शोकसंदेश धाडला. तिसऱ्याने सुट्टी घेतली.

संध्याकाळी घोरपडवहिनी भाकरी-पिठलं घेऊन साळूबाईंच्या बिळाशी आल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी कडू घास न्यायची रीत असते ना, तसा. दार साळूबाईंनीच उघडलं.

"अगं वहिनी, मी आहे ना इथं!"

"असं होतं सुरुवातीला," घोरपडवहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला गेल्या आणि काटे बघून थांबल्या. "दोन घास खाऊन घ्या. जाणारा जातो, मागच्यांनी जगायला हवं."

साळूबाईंना रडू फुटलं. पण भूकही लागली होती. त्यांनी पिठलं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच प्रचाराला निघाल्या. झाडाझाडाखाली उभ्या राहून "मी जिवंत आहे!" म्हणू लागल्या. तेवढ्यात धागे पुन्हा थरथरले: 'कुणी साळूबाईंचं सोंग घेऊन फिरत आहे. सावध राहा. खऱ्या उमेदवाराला संघाची गुप्त शीळ येते.'

साळूबाई धापा टाकत संघाकडे धावल्या. "पंत, मला ती शीळ शिकवा!"

"शिकवली असती हो. पण ती फक्त जिवंत उमेदवारांना देतो. आणि तुमच्या बाबतीत तिन्ही जंगलांचं अजून एकमत झालेलं नाही. एक जंगल म्हणतं जिवंत, एक म्हणतं मृत आणि तिसरं म्हणतं, हा तुमचा अंतर्गत प्रश्न आहे."

शीळ दंताजीरावांना येत होती. शोकसभेत ती वाजवून ते ढसाढसा रडले. "बाईंचं अपुरं स्वप्न मी पुरं करीन," म्हणाले. सगळी मतं त्यांना पडली. साळूबाई मत द्यायला गेल्या तेव्हा रांगेतल्या माकडाने हात जोडले आणि विचारलं, "आपण त्यांच्या कोण?"

पुढच्याच आठवड्यात पाणवठ्यावर 'कै. साळूबाई स्मृती चिखलकुंडा'चं उद्घाटन झालं. त्याच समारंभात धनेशपंतांनी चोच वर करून जाहीर केलं, "आनंदाची बातमी! साळूबाई जिवंत आहेत, यावर तिन्ही जंगलांचं एकमत झालं आहे. सहकार्याचा केवढा हा विजय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"मग निवडणूक परत घ्या," साळूबाई म्हणाल्या.

टाळ्या थांबल्या. धनेशपंतांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "बाई, जपून बोला. निकाल चुकला असं म्हणणं ही लोकशाहीविरुद्धची अफवा आहे. तिचं निवारण करायला आम्ही समर्थ आहोत."

दंताजीराव कुंडात उतरले. काठावरची पाडसं तोंडं पाण्याला लावून परत वर काढत होती. साळूबाईंनी त्यांच्यासाठी तोंड उघडलं, पण त्या बोलण्याआधीच दोन कोळी नवं निवारण सोडायला धाग्यांवर येऊन बसले होते. साळूबाईंनी तोंड मिटलं.

तात्पर्य : अफवांवर कधीही विश्वास ठेवू नये, बाळांनो. विशेषतः आपण जिवंत असल्याच्या.