साळिंदररावांचं तिसरं पान

एका जंगलात, मुलांनो, एक क्रिकेटचा संघ होता. संघात अकरा प्राणी होते आणि त्यांना सल्ला देणारे चौतीस.

या संघाची एक रीत होती. सामन्यानंतर पंगत बसायची. पंगतीत ज्याचं पान जितकं वर, तितका त्याचा फलंदाजीचा क्रमांक वर. वाघमहाराजांचं पान पहिलं, म्हणून सलामीला वाघमहाराज. दुसरं हत्तीचं. तिसरं साळिंदररावांचं. अस्वलमावशी खीर वाढायची ती वरच्या पानापासून. शेवटच्या पानापर्यंत येता येता मावशीच्या हातात नुसता डाव उरायचा.

वाघ खीर खातो का, असं विचारू नका. मानाची असेल तर वाघ गवतही खातो.

तर हे साळिंदरराव. स्वभावाने फार गरीब. त्यांनी बॅट फिरवली की चेंडू दोन पावलं जायचा आणि तिथेच बसायचा. समोरच्या टोकाला वाघमहाराज. महाराज एकेरी धाव काढत नसत, राजाने पळालेलं बरं दिसत नाही. त्यामुळे साळिंदरराव चेंडू खात राहायचे. अकराव्या पानावर ससा होता. तो असे फटके मारायचा की चेंडू शोधायला माकडं पाठवावी लागत. पण त्याची पाळी येईपर्यंत डावाचे साठ चेंडू संपलेले असत. ससा सात वर्षं नाबाद होता.

सामना दरवर्षी डोहाच्या पलीकडच्या काठावरच्या संघाशी व्हायचा. जो जिंकेल त्याला उन्हाळाभर डोह. जो हरेल त्याने दोन कोस चालत ओढ्यावर जायचं. गेल्या वर्षी आपला संघ चार धावांनी हरला होता. पिल्लांचे पाय अजून दुखत होते.

म्हणून यंदा सभा भरली. विषय एकच, साळिंदररावांना कुठे खेळवायचं?

"दहाव्या क्रमांकावर," रानडुक्कर म्हणाला.

"म्हणजे पान दहावं?" साळिंदररावांनी विचारलं. "पहिल्या तीन पानांनाच घरी न्यायला खिरीचा द्रोण मिळतो हो. पोरं वाट बघत असतात. मला कुठेही खेळवा. पान तेवढं हलवू नका."

सगळ्यांना वाईट वाटलं. खरोखर वाटलं.

धावा मांडायला टिटवी होती. ती म्हणाली, "मग पान वेगळं आणि फलंदाजी वेगळी करा की."

सभा पोट धरून हसली. हत्तीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग कोल्होबा उठले. कोल्होबा चौथ्या पानावर बसत. "महाराज, सोपं आहे. साळिंदरराव तीन नंबरच राहतील. फक्त तीन नंबर शेवटी खेळायला येईल."

"मोजायचं कसं?"

"एक, दोन, चार, पाच, असं अकरापर्यंत. आणि मग तीन."

टाळ्या पडल्या. तीन दिवसांची सभा तिथेच संपली.

सामन्याच्या दिवशी पलीकडच्या काठाने नव्वद धावा केल्या. आता आपली पाळी. वाघमहाराज पॅड बांधून उठले आणि थबकले.

"कोल्होबा, तीन नंबर शेवटी जाणार. म्हणजे अख्खा संघ त्याच्यासाठी थांबणार."

"होय महाराज."

"मग एक नंबरसाठी किती थांबायला हवं?"

कोल्होबा बोटं मोजू लागले. महाराज म्हणाले, "मी साळिंदररावांच्या नंतर जाईन." आणि खाली बसले.

हत्तीने विचार केला, महाराज शेवटी तर आपण त्यांच्या अलीकडे. तोही बसला. मग कोल्होबा बसले. मग रानडुक्कर बसला. मानाची जागा शेवटी आहे हे बघता बघता सगळ्यांना पटलं. उरला ससा. त्याला मान नव्हताच, म्हणून तो मैदानात गेला.

पण क्रिकेटला दोन टोकं असतात. पंच म्हणजे बगळा. तो एका पायावर उभा होता, त्याने आता दुसरा टेकवला. "दुसरं कोण येतंय? नाहीतर सामना त्यांचा."

कुणीच उठेना. साळिंदररावांनी एकदा संघाकडे पाहिलं, एकदा डोहाकडे.

"मी जातो," ते म्हणाले. "पाणी माझ्या पोरांनाही लागतं."

आणि मग गंमत झाली. साळिंदरराव चेंडू ढकलायचे. चेंडू दोन पावलांवर बसायचा. पलीकडचे सगळे लांब झाडीपाशी उभे. ते धावत येईपर्यंत साळिंदरराव त्या टोकाला आणि ससा या टोकाला. पुढचा चेंडू ससा झाडीपार धाडायचा. साठावा चेंडू टाकायची वेळच आली नाही. सशाच्या ऐंशी धावा, साळिंदररावांच्या अकरा. डोह आपला झाला.

पिल्लं पाण्यात उड्या मारत होती तेव्हा महाराज बोलायला उभे राहिले.

"सामना सलामीच्या जोडीने जिंकला. म्हणजे मान शेवटी नसतो, सलामीला असतो. म्हणून यापुढे सलामीला मी."

"आणि महाराजांसोबत साळिंदरराव," कोल्होबा म्हणाले. "काय संयम, काय अनुभव."

साळिंदररावांना दुसरं पान मिळालं. हत्ती तिसऱ्यावर सरकला आणि सोंड फिरवून बसला. साळिंदरराव दबकत म्हणाले, "महाराज, पण मी सशाबरोबर बरा खेळतो."

"तुमचा हाच विनय आम्हाला आवडतो," महाराज म्हणाले.

"आणि ससा?" टिटवीने विचारलं.

"त्याला अकराव्या पानाची सवय आहे. चांगल्या खेळाडूची सवय मोडू नये."

पुढच्या वर्षी महाराज पळाले नाहीत. साळिंदररावांनी चेंडू दोन-दोन पावलं ढकलला. साठ चेंडू संपले तेव्हा ससा पॅड बांधून बसला होता.

त्या उन्हाळ्यात सगळं जंगल दोन कोस चालत ओढ्यावर जायचं. पाणी प्यायचं तेही पानाच्या क्रमाने. सशाची पाळी येईपर्यंत ओढ्यात नुसता गाळ उरायचा. ससा तो चाटायचा आणि परत फिरायचा. तो आता नऊ वर्षं नाबाद होता.

तात्पर्य : ज्याला जसं खेळता येतं तसा त्याला क्रमांक द्यावा, असं तुमच्या मनात आलं असेल. मुलांनो, असे विचार मनात आणू नयेत, त्याने अकरावं पान मिळतं. शहाण्याने आधी खीर कुठून वाढायला सुरुवात होते ते बघावं आणि तिथे जाऊन बसावं. बॅट कुणीतरी आणून देतं.