फॅलन घराण्याचे मूळपुरुष शोधिले त्याची हकीकत

श्री ॥ ऱ्हाइन नदीचे तीरी लुडविग्सहाफेन नामे शहर, रसायनांचे मोठे ठाणे. तेथील आयरिश फॅलन घराण्याचा मूळपुरुष कोण, त्याचा लौकिक कैसा, आणि तो शोधिताना कोणाची कैसी फजिती जाहली, ते पोराबाळांस कळावे म्हणोन साद्यंत लिहिले आहे. पदरचे मीठ घातले नाही. घातलेच तर चवीपुरते.

या शहरी उत्कर्ष नामे रसायनशास्त्री चाकरीस आले, आणि आयरिश कुळीच्या मेव्हबाईंशी लग्न करोन येथेच कायम जाहले, आणि त्यांस ऊर्जा नामे कन्यारत्न जाहले. उत्कर्षांचे तीर्थरूप श्रीरंगपंत, सांगलीचे निवृत्त इतिहासशिक्षक, हे आपले कुटुंब वसुधाबाई यांसह उन्हाळ्याचे मुक्कामास आले असता मोहिमेस तोंड लागले.

कारण ऐसे की, शाळेच्या बाईंनी फर्मान काढिले: घरातील जो माणूस या शहरी प्रथम आला, त्याची ख्याती शुक्रवारी वर्गापुढे सांगावी. वर्गातील लेऑन नामे सरदारपुत्राने तत्काळ जाहीर केले की त्याचे पणजोबांनी नदीवरील पूल बांधिला. वर ऊर्जेस टोमणा दिला की, तुमचे लोक तर नुसते भाडेकरू. कन्या हवालदिल होवोन घरी आली. मराठी सारे समजे परंतु उत्तर जर्मनमध्ये करी, त्याप्रमाणे तिने कळविले की शुक्रवारी तिला बाउखश्मेर्त्सन होणार आहे. म्हणजे पोटदुखी, आणि तीही आगाऊ ठरविलेली.

नात शाळा चुकविणार, हे पंतांचे काळजास लागले. शहरी प्रथम आलेले ते मेव्हबाईंचे आजोबा, वेल्डर मायकेल पॅट्रिक फॅलन, इतुकीच खबर घरात होती. तेव्हा वसुधाबाई बोलिल्या, "अहो, विहीणबाईंना विचारा की. त्यांचेच वडील ते."

पंत उत्तर करिते जाहले, "जन्मभर इतिहास शिकवला मी. मुलीकडच्यांना त्यांचाच इतिहास विचारत बसू?"

"मग बसा शोधत," ऐसे म्हणोन वसुधाबाई भाजी चिरू लागल्या.

मग पंतांनी चष्मा चढविला आणि संगणकावर स्वारी केली. वाट त्यांस सरळ दिसली. मायकेल पॅट्रिक, अर्थात तीर्थरूपांचे नाव पॅट्रिक. मग पॅट्रिक जोसेफ फॅलन सापडले, म्हणजे आजे जोसेफ. मग जोसेफ डोनल सापडले. ऐसे एकेका मधल्या नावाची शिडी करोन पंत शतकेच्या शतके खाली उतरले, आणि तळाशी डोनल नामे एक थोर सरदार हाती लागले. गढी बाळगून, गाईंचे कळप बाळगून, शेजाऱ्याचे कळप पळविण्यात मशहूर. पंतांस वाटले, हे तर आपल्याकडील सरदारांचेच काम. त्यांनी स्वयंपाकघरचे भिंतीवर थोरला कागद लाविला आणि वंशवृक्ष रेखाटिला आणि डोनलच्या मस्तकी मुकुट काढिला. ऊर्जेची पोटदुखी निम्मी उतरली.

गुरुवारी ब्रिजिटबाई, मेव्हबाईंच्या मातोश्री, नदीपल्याडच्या मानहाइमहून भोजनास आल्या. थालीपीठ हाती, नजर भिंतीवर. पाहता पाहता हसू लागल्या, इतक्या की मेव्हबाईंनी पाणी आणिले. मग त्या जर्मनमध्ये बोलल्या आणि उत्कर्षांनी बिचकत बिचकत मराठी केले:

"बाबा, त्या म्हणतायत, त्यांच्याकडे मधलं नाव वडिलांचं नसतं. पॅट्रिक हे संताचं नाव. वडिलांचं नाव टिम होतं."

पंतांनी क्षीण स्वरे पुसिले, "मग टिमरावांची गढी?"

"गढी नाही. सलगमाचं शेत होतं. आणि एक लंगडं गाढव."

तत्क्षणी डोनल सरदार गाईंसकट बुडाले. वसुधाबाई पंतांस दुसरे थालीपीठ वाढत्या जाहल्या, ते बोलण्याहून भारी पडले. ऊर्जेची उतरलेली पोटदुखी परत चढली.

मग पंत ताठा सोडून, सांगलीत नवख्या माणसास जैसे विचारितात तैसे विचारिते जाहले: "विहीणबाई, नाव राहू द्या. तुमच्या वडिलांना वस्तीत कोण ओळखायचं, आणि कशासाठी?"

ब्रिजिटबाई लाजेने लाल जाहल्या. उत्कर्षांचे मुखे म्हणाल्या, "ओळखायचे सगळेच. म्हणून तर आम्ही सांगत नाही."

हकीकत निघाली ती ऐसी. आयर्लंडात काठीने चेंडू टोलविण्याचा खेळ आहे, त्याचे नाव हर्लिंग. मायकेल रविवारी दुपारी, अवघी जर्मन वस्ती विश्रांती घेत असता, चौकात तो खेळ मांडीत. एके रविवारी चेंडू हाऊसमायस्टरच्या, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराच्या, खिडकीची काच फोडोन बटाट्याच्या सूपात पडला. मायकेल म्हणाले, मनाई कुठे लिहिली आहे? सोमवारी पाटी लागली: येथे चेंडू खेळू नये. मायकेल म्हणाले, हे फुटबॉलवाल्यांना, माझी तर काठी आहे. मंगळवारी पाटीवर दुसरी ओळ चढली: काठीनेसुद्धा नाही.

ऊर्जा उभीच राहिली. ती पाटी शाळेमागील जुन्या वसाहतीत आजही आहे. वर्गातील एकूणएक पोराने तिच्याखाली ओरडा खाल्ला होता, आणि काठी कोठून आली हे कोणास उमगले नव्हते.

"ती पाटी आपली आहे?" ऊर्जा बोलिली. मराठीत बोलिली, हे पंतांनी ध्यानी घेतले.

शुक्रवारी पोट दुखले नाही. ऊर्जेने पाटीचा फोटो दाखवोन हकीकत सांगितली, आणि वर्ग जर्मन रीतीप्रमाणे शाबासकी म्हणोन बाके वाजवू लागला. पूल कोणी बांधिला हे कोणी पुसिले नाही. लेऑननेच हात वर करोन विचारिले, "सूपाचं काय झालं?" ऊर्जेस ठाऊक नव्हते, म्हणोन ब्रिजिटबाईंकडून खुलासा मागविला. तो ऐसा: रखवालदार सूप गाळून प्याले, मायकेललाही एक वाडगा मिळाला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. भिंतीवरील मुकुट खोडोन पंतांनी तेथे लंगडे गाढव काढिले, त्याखाली टिम, मायकेल, ब्रिजिट, मेव्ह आणि ऊर्जा. रविवारी दुपारी सकळ मंडळींनी पाटीखाली उभे राहोन तसबीर घेतली. तीत ब्रिजिटबाईंचा एक हात कोटाआड दिसतो. पाटीवरील हुकूम अद्याप जारी आहे, सबब त्या हाती काय होते ते येथे नमूद केले नाही.