आधी मोडा, मग बोलू

शाळेत विज्ञानाचं नवं साहित्य आलं, की सोनावणे सर आधी त्यातली एक वस्तू मुलांसमोर फोडतात. चुकून नाही, मुद्दाम. मागच्या खेपेला त्यांनी काचेची परीक्षानळी उचलली, फरशीवर सोडली आणि शांतपणे म्हणाले, "चला, पहिली माझ्या हातून फुटली. आता तुम्ही घाबरायचं कारण नाही." मग स्वतःच केरसुणी घेऊन काचा भरल्या.

कल्याणहून मुरबाडच्या वाटेवर आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. मी तिथे मराठी शिकवते, सर विज्ञान आणि गणित. ते ठाण्याहून, कोपरीतून येतात. पिशवीत पक्कड, वायरी आणि कुणाचा तरी बंद पडलेला मिक्सर. मधल्या सुट्टीत एका हातात पोळीचा घास, दुसऱ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर. मुलांनी "सर, हे चालतं कसं?" विचारलं, की उत्तर ठरलेलं, "आधी मोडा, मग बोलू."

हेडमास्तरांचा जीव मात्र साहित्याच्या पेटीत. "अहो सर, तपासणी होईपर्यंत तरी कुलूप राहू द्या!" सर मान डोलवायचे. कुलूप असायचंही. फक्त पेटीत काही नसायचं.

तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकी पेटीच उघडायला लावली. आत एक भिंग आणि एक झुरळ. हेडमास्तरांना घाम फुटला.

"सामान कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"मुलांकडे," सर म्हणाले.

"आणि मोडलं तर?"

"मोडलंय की. जबाबदारी माझी."

तेवढ्यात सातवीतली वैशाली पुढे आली. हातात प्लास्टिकच्या बाटलीची पाती लावलेला पंखा. "मोटर मीनीच खोलली, साहेब. पयल्यांदा बिघरली, मंग जमली." तिने सेल जोडला. पंखा गरगरला.

"पण वारा तर तुझ्याकडेच येतोय," साहेब म्हणाले.

"मंग वायरी उलट्या लावून बघा ना!"

साहेबांनी लावल्या. वारा थेट त्यांच्या तोंडावर आला आणि तपासणीचे कागद वर्गभर उडाले. ते गोळा करायचं सोडून साहेब सतरंजीवर मांडी घालून बसले आणि बराच वेळ वायरी जोडत राहिले. जाताना हेडमास्तरांना एवढंच म्हणाले, "ते कुलूप काढून टाका."

त्या दिवशी वैशालीला सरांनी स्वतःची पक्कड देऊन टाकली.

गेल्या महिन्यात ते तापाने पडले, म्हणून मी खिचडी घेऊन त्यांच्या घरी गेले. पत्नी वारल्यापासून ते एकटेच असतात. मुलगा-सून कॅनडात. घरात सगळं जागच्या जागी. कपाटावर लहान मुलांच्या सूक्ष्मदर्शकाचा एक खोका होता. वरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

"सर, तुमच्या घरात न उघडलेला खोका?" मी हसून विचारलं.

"नातीचा आहे. मे महिन्यात येणार होती. आता दिवाळीत बघू म्हणतायत."

"मग तोवर शाळेत नेऊ या? मुलं खूश होतील."

मुलांच्या बाबतीत सरांनी नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ते उठून कपाटापाशी गेले, खोक्यावर बोट फिरवून धूळ बघितली.

"हा नको, मॅडम," ते म्हणाले. "हा तिला मोडू दे."